आधी धर्म की आधी देश, एका शब्दात सांग म्हणे

पत्र थोडं छोटं करून देतेय. "ताई, कॉलेजपासूनचा मित्र आहे. ग्रुपवर वाद पेटला आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं, एका शब्दात सांग, तू आधी धर्माचा की आधी देशाचा? मी चिडून 'धर्माचा' असं टाकलं. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं, दोघांनी गद्दार म्हटलं. आता रात्री झोप येत नाही. मी खरंच गद्दार आहे का? - अस्वस्थ"

अरे अस्वस्थ, तू कुठल्या धर्माचा ते लिहिलं नाहीस, बरं केलंस, मला त्याने फरक पडत नाही.

गद्दार वगैरे काही नाहीस तू, चिडलेला होतास, आणि समोरच्याने एका शब्दात मागितलं म्हणून दिलंस एका शब्दात, तिथे चुकलास. कारण हा प्रश्न हवेत विचारला की त्याला उत्तरच नसतं. टॅक्स भरतोस, कायदा पाळतोस, प्रार्थनाही करतोस, यात कोण आधी कोण नंतर? भांडण तेव्हाच होतं जेव्हा दोघांपैकी कुणीतरी तुझ्याकडे एखादी ठराविक गोष्ट मागतं. आणि मग ती गोष्ट काय आहे हे बघायचं, रांगेत कोण पुढे ते नाही.

केरळमधल्या तीन भावंडांची केस आठवते. यहोवाचे साक्षीदार या ख्रिश्चन पंथाची मुलं, शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत कारण त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. 1985 मध्ये शाळेतून काढलं. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, आदराने उभं राहिलं तर न गाणं हा अपमान होत नाही असं म्हटलं. आता सांग, ती मुलं आधी कुणाची होती?

आणि हे टोकाचं बघ. फ्रान्झ येगरस्टेटर, ऑस्ट्रियातला शेतकरी, कट्टर कॅथलिक. हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला, मुली लहान, गावातले लोक समजावतायत, बिशपनेसुद्धा घरच्यांचा विचार कर म्हणून सांगितलं, म्हणजे त्याच्याच धर्माचे मोठे लोक त्याच्या बाजूने नव्हते. ऐकलं नाही, 1943 मध्ये मारलं त्याला. तेव्हा त्याला गद्दारच म्हणत होते. 2007 मध्ये चर्चने त्याला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, बराच उशिरा सुचलं म्हणा.

मी स्वतः बघते ती एकच गोष्ट, किंमत कोण मोजतंय. श्रद्धेपायी तू स्वतः काही नाकारलंस, त्याचा त्रास स्वतः सोसलास, तर ठेव तुझा धर्म आधी, मला काही प्रॉब्लेम नाही. पण धर्माच्या नावाने दुसऱ्याला मारा, फसवा, शेजाऱ्याचा हक्क काढून घ्या असं कुणी सांगत असेल तर तिथे कायदा आधी, त्यात मी घासाघीस करत नाही. आणि हो, देशाच्या नावाने कुणी हेच सांगत असेल तरी माझं उत्तर तेच आहे, कारण सरकारचा प्रत्येक हुकूम म्हणजे देश नव्हे. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाहीये, तुझ्याकडे कुणी काही मागितलेलंच नाही, नुसतं लेबल लावायला सांगितलं होतं.

आता मित्राचं. ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून मागे लागू नकोस, आणि लांबलचक खुलासा तर अजिबात टाईप करू नकोस, त्याचे स्क्रीनशॉट फिरतील. त्याला एकट्याला फोन कर. चिडून टाकलं ते चुकलं एवढं म्हण, आणि मग विचार, मी असं नेमकं काय करेन अशी भीती वाटली तुला? त्याला बोलू दे, मध्ये तोडू नकोस. दहा-बारा वर्षांच्या दोस्तीत हे विचारण्याएवढा हक्क तुला आहे. त्याने फोन उचललाच नाही तर आठवड्याने पुन्हा कर, आणि तोवर मोबाईल उशाखाली ठेवून झोपू नकोस.