शिक्षणाचं धोरण विचारांनी बदलतं की फक्त मतांच्या राजकारणाने?

दोन्हींनी. पण विचार आधी येतो आणि फार रखडतो.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला नाशिकच्या पंचवटीतल्या एखाद्या सायबर कॅफेत डोकावा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या (फी सरकार भरतं) २५ टक्के जागांचा फॉर्म भरताना कुणीतरी वडील नकाशावरचा लाल फुगा नेमका आपल्या घरावर आणायला धडपडत असतात, कारण अंतरावर सगळं अवलंबून. त्या फुग्यामागे सव्वाशे वर्षांची ओढाताण आहे. १८८२ मध्ये जोतिबा फुल्यांनी ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला सांगितलं होतं, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पुढच्याच वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं शिक्षण करून दाखवलं. (संस्थान हाती असलं की मतं मोजावी लागत नाहीत!) राज्यघटनेत ते आलं, पण नुसतं मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टात मागता न येणारं. मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती लागली, कायदा २००९ चा.

मधल्या काळात सरकारची वाट न बघता लोकांनी संस्था काढल्या. आपल्या नाशिकची मराठा विद्या प्रसारक ही शिक्षणसंस्था १९१४ ची.

आणि एकदा मिळालं म्हणजे कायमचं, असंही नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली. त्यामागेही एक विचारच होता: सरकारी शाळा असताना खासगीला पैसे कशाला? उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो बदल रद्द केला.