टँगल : गुंता, गुच्छ की पीळ?

अल्झायमरवरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करताना मेंदूतल्या 'टँगल'ला, म्हणजे पेशींच्या आत साचणाऱ्या धाग्यांच्या पुंजक्याला, 'तंतुगुच्छ' म्हणावं की 'गुंता', असं तुम्ही विचारलं आहे.

'तंतुगुच्छ' नकोच. गुच्छ म्हटलं की फुलं, द्राक्षं डोळ्यांसमोर येतात. 'गुंता' चांगला, पण तो लांबून पाहणाऱ्याचा शब्द आहे. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवलेले मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या आत त्यांना जाड, वेटोळलेले धागे दिसले. फणीला निघालेलं गुंतवळ असतं ना, तसं काहीसं.

जवळ जावं तर मात्र दोरी दिसते. १९६३ मध्ये मायकेल किड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तेच धागे पाहिले. एकेक धागा पीळदार, दर ८० नॅनोमीटरच्या आसपास वळण घेणारा. त्याचं इंग्रजी नाव 'पेअर्ड हेलिकल फिलामेंट'. ज्या भाषेत वेणीला पेड आणि सुताला पीळ असतो, तिथे 'युग्मित सर्पिल तंतू' कशाला? 'दुपेडी पीळ' म्हणा, घरातल्या कुणालाही कळेल.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी या पेडांची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. 'टाउ' या प्रथिनाच्या प्रत्येक रेणूची इंग्रजी सी अक्षरासारखी घडी पडते आणि एकावर एक अशी चळत रचली जाते, दुरडीतल्या घडीच्या पोळ्यांसारखी. दोन रेणूंमधलं अंतर अर्ध्या नॅनोमीटरहूनही थोडं कमी. निरोगी मेंदूत हेच टाउ सैलसर असतं, त्याला ठरावीक घडी नसते. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना ते आधार देतं. म्हणजे आजारात जे होतं ते विस्कटणं नव्हे, भलतीच घडी बसणं आहे. नुसत्या 'गुंता'मधून हे निसटतं, म्हणून माझा 'पीळ'साठी आग्रह.

आणखी एक कारण आहे. पेशी मरून नाहीशी होते, तिच्या जागी हे धागे तसेच उरतात. अल्झायमर यांनीच ते नोंदवलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण अडेल माणसाला लावतो, इथे ती शब्दशः खरी ठरते.

तेव्हा पेशीतल्या सगळ्या पुंजक्याला 'गुंता' आणि त्यातल्या एकेका धाग्याला 'दुपेडी पीळ' लिहा. या आजारात मेंदूत दिसणारा दुसरा साठा म्हणजे 'प्लाक', त्याला मात्र गुंता म्हणू नका. तो पेशींच्या बाहेर साचतो आणि त्यातलं प्रथिन वेगळं, बीटा-अमायलॉइड. त्याला मी 'साका' म्हणेन.