सिनेमातून लागलेली कॉमिक्सची आवड टिकते का? टिकते, माझी टिकली आहे

तुमचा प्रश्न असा, की अकरा वर्षांचा मुलगा सुपरहिरोंचे सिनेमे बघून आता कॉमिक्स मागतोय, तर त्याला सुरुवातीला काय घेऊन द्यावं. आणि तुमच्या मित्राचं म्हणणं असं, की सिनेमा बघून आलेली पोरं कॉमिक्समध्ये रमत नाहीत, चार दिवसांत पुस्तकं माळ्यावर जातात. काय घ्यायचं ते सांगतेच. पण तुमच्या मित्राचं हे वाक्य मी माझ्या मावसभावाच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे आधी त्याचंच उत्तर देते. साफ चूक आहे ते.

मला हे वेड लावलं २००२ च्या ‘स्पायडरमॅन’नं. सॅम रेमीचा, टोबी मग्वायरवाला. त्याआधी कॉमिक्स वाचलेच नव्हते असं नाही. मामाच्या ट्रंकेत इंद्रजालचे जुने मराठी अंक होते. वेताळ, मँड्रेक, बहादूर सगळे वाचून झाले होते. आवडायचे. पण वाचून बाजूला ठेवले की ठेवले. वेताळाच्या गुहेत कुणाला घरभाड्याची काळजी नसायची.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी सांगलीहून डोंबिवलीला मावशीकडे गेले होते. काकांनी आम्हा सगळ्या पोरांना कल्याणला हिंदी डबिंगचा खेळ दाखवायला नेलं. कोळी चावतो, पोरगा भिंतीवर चढतो, तिथे सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं. मला मात्र या दोन्हींच्या मधला एक प्रसंग लागला. पीटरला, म्हणजे पुढे स्पायडरमॅन होणाऱ्या त्या पोराला, सांभाळणाऱ्या बेनकाकांची नोकरी गेलेली आहे. कारखान्यात इतकी वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली आणि या वयात घरी बसायची वेळ आली. ते स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर उघडून नोकरीच्या जाहिराती बघतायत आणि जी ती जाहिरात कॉम्प्युटरवाले हवेत म्हणते. त्यांची बायको मेकाकू शेजारी उभी राहून काहीतरी धीराचं बोलते. एवढंच. मिनिटभराचासुद्धा प्रसंग नसेल. बाबांची सूतगिरणी त्याच वर्षी बंद पडली होती. आमच्याकडेही रोज सकाळी पेपरचं तेच पान उघडलं जायचं, आणि आई चहा ठेवताना तसंच काहीतरी बोलायची. मला सुट्टीत मावशीकडे धाडलं होतं तेही त्याचमुळे, हे कळण्याइतकी मी मोठी होते. अमेरिकेतल्या सुपरहिरोच्या घरात हे असतं? मग हा पोरगा पैशांसाठी कुस्तीच्या आखाड्यात उतरतो, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

घरी येऊन मी दादाला, म्हणजे मावसभावाला, सांगायला गेले. त्याच्याकडे इंग्रजी कॉमिक्सचं कपाट होतं, एकेक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. त्यानं माझं निम्मं ऐकलं आणि म्हणाला, “तू सिनेमा बघून आलीयस, तुला त्यातलं काय कळणार? मूळ कथेत जाळं मनगटातून निघत नाही. पीटर ते यंत्र स्वतः बनवतो. सिनेमानं त्याची बुद्धीच काढून घेतली.” आणि कपाटाला कुलूप.

त्याचा मुद्दा चूक नव्हता. मूळ पीटर हा हुशार, गरीब पोरगा आहे; चिकट द्रव आणि तो सोडणारं मनगटावरचं यंत्र तो घरच्या घरी बनवतो. द्रव ऐन मारामारीत संपतो, त्यातून कितीतरी प्रसंग उभे राहतात. सिनेमात ते नाही. जाळं अंगातूनच निघण्याची ती कल्पना जेम्स कॅमेरॉन नव्वदच्या दशकात स्पायडरमॅनवर सिनेमा करणार होता त्या वेळच्या त्याच्या मसुद्यातून आलेली. पण म्हणून सिनेमा मूळ कथेशी बेइमान ठरतो? मूळ कथा मी पुढच्या सुट्टीत वाचली आणि तेव्हापासून मी या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘इसेन्शियल स्पायडरमॅन’चा पहिला भाग मिळाला. विटेएवढा जाड, आत पेपरसारखा कागद, सगळी चित्रं काळी-पांढरी. त्यात १९६२ ची पहिली कथा आणि ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे पहिले वीस अंक होते. काकांनी घासाघीस करून घेऊन दिला. माझी शाळा मराठी माध्यमाची. लेखक स्टॅन लीचं इंग्रजी पल्लेदार, एकेका चौकटीत माणसं परिच्छेद बोलतात. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचे. पण स्टीव्ह डिटकोची चित्रं डिक्शनरीशिवाय कळतात: ते लांबुळके हात, वळलेली बोटं, चष्म्यामागचा घाबरलेला चेहरा. सगळे पुढे निघून गेलेत आणि पीटर एका कडेला उभा आहे.

पहिली कथा ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात आली. ते मासिक बंदच पडणार होतं, तो त्याचा शेवटचा अंक. कथा अवघी अकरा पानांची. त्या अकरा पानांत जे आहे ते सिनेमात नाही, आणि ते यंत्राच्या भानगडीपेक्षा कितीतरी मोठं आहे. दादा कधी त्याबद्दल बोललाच नाही.

सिनेमात आखाड्याचा मालक पीटरला फसवतो. जाहिरात तीन मिनिटं टिकण्यासाठी तीन हजार डॉलरची, हातात टेकवतो शंभर, का तर पोरानं दोनच मिनिटांत पैलवान आडवा केला. थोड्याच वेळात चोर त्याच मालकाचे पैसे घेऊन पळतो आणि पीटर बाजूला होतो. बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, जिरली त्याची. त्याच चोरामुळे पुढे बेनकाका मरतात, पण तोपर्यंत पीटरच्या रागाला कारण मिळालेलं असतं. मूळ कथेतही बक्षीस शंभर डॉलरचंच आहे, पण तिथे त्याला कुणी फसवत नाही. पैसे मिळतात, टीव्हीवर नाव होतं. एका कार्यक्रमानंतर बाहेर पडताना चोर समोरून धावत येतो, पोलीस ओरडतो की अडव त्याला, आणि पीटर नुसता उभा राहतो. मी आता फक्त माझं बघणार, एवढंच त्याचं म्हणणं. डोक्यात हवा गेलेली, दुसरं काही नाही. पुढे घरी येतो तर दारात पोलीस. काकांचा हात धरून रस्त्यावर रडणं तिथे नाही, मरण चित्रात दिसतही नाही. ताकदीबरोबर जबाबदारी येते हे वाक्यही बेनकाकांच्या तोंडी नाही, शेवटच्या चौकटीत निवेदक सांगतो. सगळं संपल्यावर.

मी ते पान वाचून सुन्न बसले होते. सिनेमानं पोराला थोडी सवलत दिली होती, कॉमिकनं तसूभर दिली नाही. आणि हा फरक मला दिसला तो आधी सिनेमा बघितला होता म्हणूनच. मनात एक कथा पक्की होती, तिच्यावर दुसरी येऊन आदळली.

लगेच पुढे ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा पहिला अंक, १९६३ चा. घरात पैसे नाहीत. पीटर स्पायडरमॅन म्हणून खेळ करतो, एजंट त्याला चेक देतो, चेक स्पायडरमॅनच्याच नावाचा. हा तसाच पोशाख घालून बँकेत जातो आणि खिडकीतला कारकून ओळखपत्र मागतो! चेक वटत नाही. त्याच अंकात मेकाकू दागिने गहाण टाकायला गेलेली पीटरला दिसते. माझ्या आईच्या पाटल्या तोवर सराफाकडे गेल्या होत्या. यापुढे मला कुणी म्हणावं की ही परदेशी पोरकट चित्रांची पुस्तकं आहेत, आणि मी ऐकून घ्यावं?

सिनेमातून येण्याचा आणखी एक फायदा सांगते, दादासारख्यांना तो कधीच मिळत नाही. सिनेमाच्या शेवटी खलनायक गॉब्लिन पीटरला आवडणाऱ्या मेरी जेनला पुलावरून खाली सोडतो आणि स्पायडरमॅन तिला वाचवतो. ट्रॉलीतल्या मुलांनाही वाचवतो. कॉलेजात असताना मी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा १९७३ चा १२१ वा अंक वाचला. तसाच पूल, तोच गॉब्लिन, खाली पडतेय ग्वेन, कॉमिक्समधली पीटरची प्रेयसी. जाळं तिच्या पायाला लागतं. मी निर्धास्त होते, मला माहीत होतं की ती वाचते. तिच्या मानेपाशी बारीक अक्षरात एक आवाज लिहिलाय, ‘स्नॅप’. पहिल्या वाचनात तो नजरेतून सुटला. स्पायडरमॅन तिला वर ओढतो, स्वतःच्या पराक्रमावर खूश होऊन बोलत राहतो, आणि ती बोलत नाही. मग मी मागे जाऊन ते अक्षर शोधलं. त्या अंकाचं शीर्षकसुद्धा शेवटच्या पानावर छापलंय, कारण शीर्षकातच तिच्या मरणाची बातमी आहे. आधी कॉमिक्स वाचलेल्या माणसानं सिनेमातल्या पुलावर “अरे, इथे ग्वेन हवी होती” म्हटलं असेल. माझ्या पायाखालची जमीन सरकली होती.

आणि जाळ्याचं म्हणाल तर २००४ मध्ये खुद्द मार्व्हलनंच, म्हणजे ही कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीनंच, कॉमिक्समधल्या पीटरला अंगातून जाळं सोडायला लावलं, चांगली तीन-चार वर्षं. पुढे २००८ च्या सुमारास पुन्हा यंत्र आलं. म्हणजे ज्या गोष्टीवरून मला कपाटाबाहेर ठेवलं गेलं, ती मूळ कथेनंही काही काळ घरात घेतली होती. हे मी दादाला त्याच्या मुलाच्या मुंजीत सांगितलं. तो म्हणाला, “मी आता ते सगळं वाचत नाही.” कपाट त्यानं केव्हाच रद्दीत काढलंय. मी अजून दर महिन्याला वाचते. कोण टिकलं ते तुमच्या मित्राला सांगा.

आता मुलाचं. ‘मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स’ म्हणून लहान आकाराची रंगीत पुस्तकं येतात, त्यातला स्पायडरमॅनचा पहिला भाग घ्या. १९६२ ची कथा आणि पहिले दहा अंक त्यात आहेत, किंमतही बेताची. गोडी लागली तर पुढे ‘एपिक कलेक्शन’ या मालिकेतली पुस्तकं. डिटकोनं पहिले ३८ अंक चितारले, तेवढे तरी वाचूनच पुढे जावं असं माझं स्पष्ट मत आहे. वीस मालिका एकमेकींत गुंतवलेले महाअंक आणून देऊ नका आणि कशानंतर काय वाचायचं याच्या लांबलचक याद्याही दाखवू नका. पोरं त्यानंच कंटाळतात, सिनेमामुळे नाही.

हे सगळं स्पायडरमॅनपुरतं बोलतेय. त्याला बॅटमॅन आवडत असेल तर मी सांगितलेलं फारसं उपयोगी नाही. जुन्या अंकांत बायकांची पात्रं बरीच पातळ आहेत, मुलाशी त्यावर बोलावं लागेल. उलट मेरी जेन सिनेमात फिकी आहे. १९६६ मध्ये तिचा चेहरा पहिल्यांदा दिसतो तिथून पुढे ती कॉमिक्समध्ये पीटरला पुरून उरते, आणि हा दोष मी सिनेमाच्याच माथी मारते. इंग्रजी जड जाईल, सुरुवातीला रोज दोन-चार पानं तुम्ही मोठ्यानं वाचून मराठीत सांगत जा. १२१ वा अंक मात्र अकराव्या वर्षी नको. दहावीनंतर द्या, आणि त्याआधी सिनेमा त्यानं बघितलेला असू द्या.

मुख्य म्हणजे पुस्तकं त्याच्या हाताशी येतील अशी ठेवा. मुडपली, फाटली, चहा सांडला तरी चालेल. कुलूप लावू नका.