रेणूत बिट मावतो, पण सुईचं काय?

एका रेणूत एक बिट (म्हणजे एक ० किंवा १) साठवता येतो तर तसा पेनड्राइव्ह अजून बाजारात का नाही, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे, पण ज्या प्रयोगावरून ही चर्चा होते तो आधी नीट पाहू.

२००७ साली आयबीएमच्या झुरिचच्या प्रयोगशाळेत लिल्येरोथ, रेप आणि मायर यांनी नॅफ्थॅलोसायनिनचा रेणू घेतला. निळ्या रंगांत वापरतात त्या थॅलोसायनिनचा हा थोरला भाऊ. खाली तांबं, त्यावर मिठाचे (हो, जेवणातलंच मीठ!) जेमतेम दोन अणुथर आणि त्यावर हा रेणू. तापमान ५ केल्विन, म्हणजे उणे २६८ अंश सेल्सिअस. मीठ अशासाठी की तांब्यातल्या इलेक्ट्रॉनांची रेणूत लुडबुड नको.

रेणू दिसतो फुलीसारखा. मधल्या पोकळीत हायड्रोजनचे दोन अणू समोरासमोर बसलेले असतात. स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची, म्हणजे अणूएवढ्या टोकाच्या सुईतून वीज सोडून पृष्ठभाग चाचपणाऱ्या यंत्राची, सुई वर आणून व्होल्टेज पुरेसं वाढवलं की ते दोघे पोकळीतल्याच दुसऱ्या दोन जागांवर सरकतात आणि जणू अख्खा रेणू काटकोनात फिरल्यासारखा होतो. सुई एकाच जागी धरली तर तिच्यातून रेणूत जाणारा विजेचा प्रवाह एकदम कमी-जास्त होतो. हेच ० आणि १. कमी व्होल्टेजवर नुसतं वाचता येतं.

खरी गंमत पुढे आहे. हायड्रोजन सरकले तरी रेणूचा बाहेरचा आकार तसाच राहतो, त्यामुळे शेजाऱ्याला धक्का लागत नाही आणि रेणू अगदी जवळजवळ बसवता येतात. तिघांना खेटून बसवल्यावर एकात सोडलेल्या इलेक्ट्रॉनांनी शेजारचा बदलला! मला साठवणीपेक्षा हेच जास्त भावलं.

पण लिहिणं हुकमी नाही. व्होल्टेज चालू आहे तोवर रेणू इकडून तिकडे उड्या मारत राहतो. हवी ती स्थिती आली की तुम्ही व्होल्टेज उतरवायचं. नाणं उडवत बसण्यातलाच प्रकार.

२०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने रेणूऐवजी तांब्यावरचे क्लोरीनचे अणू सरकवून एक किलोबाइट लिहिला. घनता चौरस इंचाला ५०२ टेराबिट (एक टेराबिट म्हणजे एक लाख कोटी बिट), आणि लिहिलेलं टिकतं ७७ केल्विनपर्यंत. तिथेही एकच सुई बिटामागून बिट चाळत जाते, म्हणून काम गोगलगायीचं.

तेव्हा अशी बातमी पुन्हा दिसली की घनतेचा आकडा बाजूला ठेवा. तापमान किती, वाचायला वेळ किती लागला आणि सुईशिवाय वाचता आलं का, तेवढं आधी शोधा.