सरकारी कारभार कंपनीसारखा चालवला, तर जाब कुणाला विचारायचा?

तुम्ही विचारलंय की सरकारी खात्यांत कंपनीच्या धर्तीचं व्यवस्थापन आणलं, तर लोकशाहीतली जबाबदारी आणि कायदा यांचं काय होतं. मी ठाण्यात राहते, महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं वाचते. माझं मत असं की सेवा सुधारू शकते, पण निर्णय घेणाऱ्याला चारचौघांत जाब विचारण्याची जागा हातची जाते.

स्मार्ट सिटीचंच घ्या. ठाण्याची निवड २०१६ मध्ये झाली आणि कामांसाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी निघाली. योजनेच्या मार्गदर्शक सूचना वाचा. भागभांडवल राज्य सरकार आणि महापालिकेचं निम्मं-निम्मं, प्रकल्पापुरते सभागृहाचे अधिकार कंपनीकडे सोपवावेत अशी शिफारस, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला हटवायचं तर केंद्राची पूर्वमंजुरी! महापालिकेचा ठेका स्थायी समितीपुढे येतो, महासभेत त्यावरून खडाजंगी होते, पत्रकार ती ऐकतात. कंपनीचे ठराव संचालक मंडळात होतात. तिथे काही लोकप्रतिनिधी बसले तरी प्रेक्षक गॅलरी नसते.

त्यात मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं ठाण्यात निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रस्ताव प्रशासनाचा, मंजुरी प्रशासकाची. याचं मला आजही वाईट वाटतं.

नवी मुंबईकरांना हे नवं नाही. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० पासून कंपनीच आहे आणि तिचं संचालक मंडळ राज्य सरकार नेमतं. महापालिका १९९२ मध्ये आली, तरी सिडकोच्या भूखंडांबाबत वाशी-नेरूळचे नगरसेवक फार तर हरकत घेऊ शकतात.

ब्रिटनमध्ये १९८८ पासून खात्यांची कामं स्वतंत्र एजन्सींकडे गेली. कैदी पळाल्याच्या प्रकरणानंतर १९९५ मध्ये गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांनी तुरुंग सेवेचे प्रमुख डेरेक लुईस यांना काढलं. मंत्र्यांचं म्हणणं असं की धोरण माझं, रोजचा कारभार त्यांचा. संसदेला उत्तर द्यायचं ते मंत्र्याने, आणि तेच पदावर राहिले.

कायद्याने मात्र अगदीच हात टेकलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं की सरकारचं अंग असलेल्या महामंडळालाही निविदा देताना मनमानी करता येत नाही. माहिती अधिकार सरकारी मालकीच्या कंपन्यांनाही लागू आहे. अडतं ते ठेकेदाराच्या करारापाशी, कारण कलम ८ मधलं व्यापारी गोपनीयतेचं कारण पुढे करता येतं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मला मनापासून आवडतो, दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. पण रस्ता रुंद करायचा की बस वाढवायच्या, हे त्या कायद्याने विचारता येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अशा प्रत्येक कंपनीची इतिवृत्तं महासभेपुढे ठेवावीत, आणि करार माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली कुणी न मागता संकेतस्थळावर टाकावेत. तुमच्या शहरात अशी कंपनी असेल, तर पहिला अर्ज इतिवृत्तांसाठीच करा.