बंद दारासमोर उभी असलेली माणसे

"मी आयुष्यभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिते आहे का?" ही शंका घेऊन एक कथालेखिका माझ्याकडे आल्या. (त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.) चौथ्या संग्रहाचे हस्तलिखित वाचून संपादक सहज बोलून गेले होते, की तुमच्या कथांत कुणीतरी सतत बंद दारापाशी उभे असते. तेव्हापासून त्यांचे लेखन थांबले होते. आपली प्रतिभा आटली किंवा मनात काही बिघाड आहे, असे दोनच अर्थ त्यांना सुचत होते. लिहिणाऱ्यांकडून ही काळजी मी वरचेवर ऐकते.

सगळ्या कथा लिहिल्या त्या क्रमाने लावून, दाराची वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करून आणा, असे मी सुचवले. संग्रहातला क्रम बहुधा वाचकाच्या सोयीचा असतो, त्यातून लिहिणाऱ्याचे मन कळत नाही. 19 पैकी 14 कथांत दार निघाले.

इथे माझी घाई झाली. वडील घर सोडून गेल्याचे त्या पहिल्या भेटीत बोलल्या होत्या, म्हणून मी दाराचा संबंध थेट त्यांच्याशी जोडला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, वडील गेले तेव्हा दार उघडेच होते." मी ओशाळले आणि गप्प बसले.

आशयसूत्र पुन्हा पुन्हा येणे हा दोष नव्हे. 1824 मध्ये, चार्ल्स डिकन्स 12 वर्षांचा असताना त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि त्याच सुमारास त्याला बुटपॉलिशच्या कारखान्यात राबावे लागले. हे त्याने हयातभर जगापासून लपवले, पण पोरकी मुले आणि कर्जदारांचा तुरुंग त्याच्या कादंबऱ्यांत येतच राहिले. मनातले लिहून काढण्याचा परिणाम अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की ज्यांच्या लिखाणातली 'मी', 'तो', 'आम्ही' अशी सर्वनामे दिवसागणिक बदलत गेली, त्यांच्या प्रकृतीत अधिक सुधारणा दिसली. म्हणून विषय किती वेळा आला यापेक्षा, सांगणारा कुठे उभा आहे, याकडे मी लक्ष देते.

त्या दृष्टीने आम्ही पुन्हा वाचू लागलो. पहिल्या 10 कथांत निवेदक बाहेर, पायरीवर, ओल्या चपलांनिशी उभा होता. शेवटच्या चारांत तो आत होता आणि त्याचा हात कडीवर होता. त्यांची पेन्सिल तिथेच थांबली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "धाकटा भाऊ भांडून बाहेर गेला होता. परत येऊन दार वाजवत राहिला, आणि मी कडी काढली नाही."

पुढच्या भेटीला त्यांनी नवी अपुरी कथा आणली. दार होतेच, मात्र कथा भावाच्या बाजूने सांगितलेली होती. तिसऱ्या पानावर त्या अडल्या होत्या, कारण बाहेर उभ्या असलेल्या मुलाला आतले काय ऐकू येत होते, हे त्यांना भावालाच विचारावे लागणार होते.