पदवीशिवाय वकील होता येते का?

प्रश्न : आम्ही अनेक वर्षांपासून इंग्लंडमध्ये, रेडिंग येथे राहतो. मुलगी १८ वर्षांची असून येत्या उन्हाळ्यात तिची ए-लेव्हलची (आपल्या बारावीसारखी) परीक्षा आहे. तिला वकील व्हायचे आहे. परंतु विद्यापीठाच्या फीसाठी कर्ज काढण्यापेक्षा नोकरी करत शिकायचे, असे तिने ठरवले आहे. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, पदवी नसलेल्या वकिलाला कोण विचारणार? हा मार्ग खरोखर आहे का, आणि त्यात धोका काय?

उत्तर : मार्ग आहे, तो कायदेशीर आहे आणि आडवाटेचाही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ नंतर सॉलिसिटर (अशिलाला सल्ला देणारा व त्याची कागदपत्रे पाहणारा वकील) होण्यासाठी ॲप्रेंटिसशिप सुरू झाली. त्यात ए-लेव्हल झालेला विद्यार्थी कायद्याच्या कार्यालयात पगारी नोकरीला लागतो, साधारणपणे आठवड्यातला एक दिवस अभ्यासाला मिळतो, आणि पाच ते सहा वर्षांत तो सॉलिसिटर होतो. शिकवण्याची फी विद्यार्थ्याने भरायची नसते. २०२१ पासून नव्याने या वाटेला लागणाऱ्या सर्वांसाठी एस.क्यू.ई. (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही एकच परीक्षा आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात दोन पेपर मिळून ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात. दुसऱ्या टप्प्यात अशिलाची मुलाखत घेणे, न्यायाधीशापुढे बाजू मांडणे, मसुदा लिहिणे अशी १६ कामे प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात. विद्यापीठातून आलेला आणि कार्यालयातून आलेला उमेदवार याच परीक्षेला बसतात, आणि नोंदणी झाल्यावर दोघांच्या अधिकारांत काहीही फरक राहत नाही. नातेवाइकांना हे अवश्य सांगावे. आपल्याकडेही १९६१चा ॲडव्होकेट्स ॲक्ट येण्यापूर्वी प्लीडर आणि मुखत्यार कोर्टात कामे चालवत होते, आणि त्यांतल्या अनेकांकडे कायद्याची पदवी नव्हती.

मात्र तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली वयाची. जानेवारी २०२६ पासून या ॲप्रेंटिसशिपसाठी सरकारी निधी, काही मोजके अपवाद वगळता, ती सुरू करताना २१ वर्षांपर्यंत वय असलेल्यांनाच मिळतो. म्हणून ‘आधी दोन-चार वर्षे दुसरे काही करून पाहू’ हा विचार इथे महागात पडू शकतो. दुसरी, बॅरिस्टर (मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा वकील) होण्यासाठी पदवी लागतेच. तेव्हा मुलीच्या मनात ते असेल तर आत्ताच बोलून घ्यावे. तिसरी भारताची. पुढे कधी मुंबईत वकिली करण्याचा विचार असेल, तर तेथे सनद मिळण्यासाठी मान्यताप्राप्त कायद्याची पदवी अनिवार्य आहे. काही ॲप्रेंटिसशिपमध्ये नोकरीबरोबरच एलएल.बी. मिळते, परंतु अशा रीतीने मिळवलेली परदेशी पदवी भारतात चालेलच असे गृहीत धरू नये.

खरा धोका, माझ्या मते, पदवी नसण्यात नाही. चुकीच्या कार्यालयात अडकण्यात आहे. या वाटेने जाणाऱ्याचे शिक्षण मुख्यतः त्याच्या टेबलावरच्या फाइलींतून होते, आणि त्या फाइली कोण देतो व त्यावर कोण लाल पेन फिरवतो, यावर सारे अवलंबून असते. ज्या मुलीला सहा महिने केवळ कागद स्कॅन करायला बसवले जाते आणि जिला भाडेकरूच्या घर सोडण्याच्या नोटिशीचा पहिला मसुदा लिहायला देऊन तो तीनदा दुरुस्त करून घेतला जातो, त्या दोघींच्या नेमणूकपत्रावर पद एकच लिहिलेले असते. म्हणून मुलाखतीत तिने निःसंकोच विचारावे : माझे काम कोण तपासणार, अभ्यासाचा दिवस कामाच्या धांदलीतही पाळला जातो का, परीक्षेत एकदा अपयश आले तर नोकरीचे काय, आणि माझ्याआधी आलेले ॲप्रेंटिस आता कोठे आहेत? या प्रश्नांना जे कार्यालय मोकळेपणाने उत्तर देत नाही, ते नावाने कितीही मोठे असले तरी टाळावे. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात, तेव्हा विद्यापीठाचा अर्जही भरून ठेवावा; तो भरला म्हणजे तेथे जावेच लागते असे नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून बर्मिंगहॅममध्ये घरांच्या खरेदी-विक्रीची कामे पाहणाऱ्या सॉलिसिटरांकडे नऊ वर्षे सहायक आहे. माझ्याकडे पदवी नाही. आता माझ्यासाठी काही वाट उरली आहे का?

उत्तर : उरली आहे, आणि ती आपल्या कामाला शोभणारी आहे. सिलेक्स (चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ लीगल एक्झिक्युटिव्हज) ही संस्था १८९२ साली सॉलिसिटरांकडच्या व्यवस्थापकीय कारकुनांची संघटना म्हणून सुरू झाली आणि २०१२ साली तिला राजसनद मिळाली. तिचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून, तीन टप्प्यांत, आपल्या सवडीने पुरा करता येतो. शेवटच्या टप्प्यानंतर आपण निवडलेल्या क्षेत्रात, म्हणजे आपल्या बाबतीत मालमत्तेच्या व्यवहारांत, स्वतःच्या अधिकाराने वकील म्हणून काम करू शकता. तो टप्पा पदवीच्या तोडीचा मानला जात असल्याने पुढे एस.क्यू.ई.चे दारही उघडे राहते.

त्या परीक्षेबरोबर सॉलिसिटर होण्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तो चार संस्थांपर्यंत विभागलेला असला तरी चालतो, आणि पूर्वी केलेले कामही त्यात धरता येते. निव्वळ टायपिंग त्यात बसत नाही. परंतु मालकीहक्काची नोंद तपासणे, विक्रेत्याच्या वकिलाला शंका लिहून विचारणे, कराराचा मसुदा करणे ही कामे आपण करत असाल, तर ती बसू शकतात. अनुभवाला सहसा सॉलिसिटरने दुजोरा द्यावा लागतो. आपल्या कार्यालयातील जे वरिष्ठ आपले काम जाणतात ते निवृत्त होण्याआधी किंवा नोकरी बदलण्याआधी त्यांच्याशी याच महिन्यात बोलावे. केलेल्या कामाची नोंद आजपासून दर आठवड्याला लिहून ठेवावी. तीत अशिलाचे नाव किंवा पत्ता मात्र लिहू नये.